सप्ताह तोंडावर, सभामंडप घुमतोय आणि समोर ३१ बँडचा ईक्यू: वाट दाखवा

माळावरचा
रामराम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

आमच्या गावात तीन आठवड्यांनी अखंड हरिनाम सप्ताह बसतोय. गेल्या वर्षीपर्यंत साउंड भाड्याने यायचा. यंदा मंडळाने वर्गणीतून स्वतःचा सेट घेतला: १२ चॅनेलचा मिक्सर, दोन टॉप (मोठे स्पीकर), अँप, आठ माइक आणि दुकानदाराने 'हा पाहिजेच' म्हणून दिलेला ३१ बँडचा ग्राफिक ईक्वलायझर (ईक्यू, म्हणजे आवाजाचे ३१ पट्टे वेगवेगळे वर-खाली करायचा डबा). मी इलेक्ट्रिकची कामं करतो, त्यामुळे 'वायरी जोडता येतात म्हणजे साउंड पण येणार' अशा हिशेबाने हे सगळं माझ्या गळ्यात पडलंय.

मंडप आरसीसी, छत १० फुटांवर, खाली ग्रॅनाइट, भिंतींना टाइल्स, दोन बाजू उघड्या. परवा एकादशीच्या भजनाला पहिल्यांदा लावून बघितला. तीन अडचणी आल्या.

एक, शिट्टी. बुवांचा माइक जरा वर घेतला की कुईऽऽ. खाली घेतला की मागच्या बायका हातवारे करतात, ऐकू येत नाही म्हणून.
दोन, पखवाज वाजला की सगळा मंडप घूं करतो. बोल कळतच नाहीत.
तीन, टाळ. पंधरा टाळकरी. त्यांच्यापुढे बुवांचा एक शब्द समजेल तर शपथ.

ईक्यूवर मी दोन्ही टोकं वर आणि मधले बँड खाली असं केलंय, गणपतीतल्या डीजेवाल्याचं बघून. घरी गाणं लावून ऐकलं तर भारी वाटतं. मंडपात मात्र वाट लागते. टॉप गाभाऱ्याच्या दोन्ही अंगांना आहेत, म्हणजे भजनी मंडळींच्या पाठीमागे, कारण पुढे ठेवले तर बसायची जागा जाते.

कुठला बँड किती ठेवायचा एवढं कुणी सांगितलं तर कागदावर लिहून चिकटवून टाकतो.

नुसती_वाचक
वाचतेय. आमच्या सोसायटीच्या गणपतीतही हीच रड आहे.

फेडरवाला
माळावरचा, कागदावर लिहून चिकटवण्यासारखं काही नसतं, नाहीतर आमची पोटं कशी भरली असती. :) पण तुमचं वर्णन नेमकं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. वीस वर्षं नाटक, भजन, लग्न, सभा सगळं वाजवलंय.

पहिलं काम: ईक्यूचे ३१ च्या ३१ स्लायडर मधल्या रेघेवर आणा. तो हसरा चेहरा पुसून टाका. घरी भारी वाटतो कारण हळू आवाजात आपल्या कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात, टोकं उचलली की ते भरून निघतं. मंडपात आवाज मोठा, वर खोली आधीच घुमणारी. तुम्ही घुमण्यालाच खतपाणी घालताय आणि शब्द जिथे असतात तो मधला भाग कापून टाकताय.

दुसरं काम ईक्यूला हात न लावता करायचं. टॉप पाठीमागे आहेत ना? मग बुवांच्या माइकचं तोंड सरळ स्पीकरकडे आहे. माइकने ऐकायचं, स्पीकरने ओरडायचं, ते परत माइकने ऐकायचं. या फेऱ्यात एखाद्या सुराला जाताना जेवढा जोर होता तेवढाच किंवा जास्त परत येताना मिळाला की तो सूर धरून बसतो, तीच शिट्टी. टॉप माइकच्या रेषेपुढे आणा, दोन कोपऱ्यांत, स्टँडवर डोक्याच्या वर, तोंड जरा खाली लोकांकडे. दोन माणसांची जागा जाईल. अध्यक्षांना सांगा, दोन माणसं गेली तरी चालतील, दोनशे जणांना शब्द कळतील.

तिसरं, माइक जवळ घ्या. अंतर निम्मं केलं की ६ डीबी (डेसिबल, आवाजाच्या जोराचं माप) फुकट मिळतात. बुवा दीड फुटावरून गात असतील तर त्यांना पाऊण फुटावर आणा. अर्ध्या फुटाच्या आत आले तर अजून चांगलं, फक्त तिथे खालचे सूर फुगतात. आणि आठ माइक कशाला? उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीआधीची मोकळीक ३ डीबीने घटते. आठाचे चार करा: बुवा, पेटी, पखवाज आणि कोरसला मिळून एक.

चौथं, लो कट. मिक्सरवर प्रत्येक चॅनेलला ८० किंवा १०० लिहिलेलं बटण असेल. पखवाज सोडून सगळ्यांचं दाबा. गाणाऱ्याच्या आवाजात त्याच्या खाली कामाचं काही नसतं, असतं ते पायांचे धक्के, पंखे आणि पखवाजाची झिरप. माझ्या मते मिक्सरवरचं सगळ्यात मोलाचं बटण तेच, आणि निम्म्या गावांत ते कधी दाबलेलंच नसतं.

एवढं करून बघा. ईक्यूचं त्यानंतर बोलू. अर्धी शिट्टी तोवर गेलेली असेल.

माळावरचा
फेडरवाला दादा, दंडवत. लो कटचं बटण आहे, मला वाटलं काहीतरी बंद करायचं असेल म्हणून भीतीने हातच लावला नव्हता.

गोणपाट
ग्रॅनाइट आणि टाइल्स वाचूनच पोटात गोळा आला. आमच्याकडे जुना लाकडी मंडप होता, कौलारू. त्यात बिनमाइकचं कीर्तन पाचशे लोकांना ऐकू जायचं. जीर्णोद्धार केला, गुळगुळीत केला, आता लाखभराचा साउंड लावूनही कळत नाही. ईक्यूने प्रतिध्वनी जात नाही हे कुणीतरी स्पष्ट लिहा.

फेडरवाला
लिहितो. जात नाही. ईक्यू फक्त कुठल्या सुराला किती जोर द्यायचा ते ठरवतो. भिंतीवर आपटून अर्ध्या सेकंदाने परत आलेल्या शब्दाला तो काही करू शकत नाही. पण घूं जिथे होतो तिथला खुराक तोडता येतो. छत १० फूट म्हणजे जमीन आणि छत यांच्यामध्ये साधारण ५७ हर्ट्झची लाट अडकते, आणि त्याच्या दुपटीला, ११४ च्या आसपास पुन्हा. पखवाजाची धुम पडते ती याच टापूत. म्हणून मेन ग्राफिकवर ६३ आणि १२५ हे दोन स्लायडर आधी ३-४ डीबी खाली घेऊन ऐका.

बाकी उपाय सुताराचे आणि शिंप्याचे आहेत. सतरंज्या, मागच्या भिंतीला जाड पडदे. आणि माणसं. भरलेला मंडप रिकाम्यापेक्षा नेहमी कमी घुमतो, त्यामुळे दुपारी रिकाम्या मंडपात घाबरून सगळंच कापत सुटू नका.

ठोका_चुकला
पखवाजाबद्दल दोन शब्द, कारण मी वाजवतो आणि साउंडवाल्यांनी आयुष्यभर छळलंय.

एक माइक असेल तर लोक तो धाम्यासमोर (जड आवाजाच्या तोंडासमोर) लावतात, कारण कणीक लावलेली बाजू मोठी वाजते. मग शाईची बाजू गायब, नुसती धुम धुम. माइक एकच असेल तर खोडाच्या वर, दोन्ही तोंडं सारखी दिसतील असा, एक फूट अंतरावर, कल जरासा शाईकडे. धुम आपोआप पुरते, ती बिनमाइकचीही पोचते.

चॅनेलच्या ईक्यूवर ३०० ते ४०० ला जरा कापलं की डबा वाजल्यासारखा आवाज जातो. 'ता' उठून यायला ४ किलोहर्ट्झच्या आसपास अगदी थोडं वर. लो नॉब वाढवू नका, विनंती आहे. कणीक ओली-सुकी झाली, धामा चढला-उतरला तर ते आम्ही हाताने बघतो. साउंडवाल्याने बास नॉबने कणकेचं काम करायला जाऊ नये.

माळावरचा
आमच्या मिक्सरवर लो, मिड, हाय असे तीनच नॉब आहेत. मिडखाली २.५ के लिहिलंय. मग ३०० कुठून कापू?

ठोका_चुकला
मग नाही कापता येणार. त्या मिडला हात लावू नका आणि माइक चार बोटं इकडेतिकडे सरकवून बघा. खरंच फरक पडतो.

पेटीमास्तर
उशिरा आलो. फेडरवाला यांनी पाया छान घातलाय. आता शिट्टी नेमक्या कुठल्या बँडवर आहे ते कसं ओळखायचं, यावर माझी एक युक्ती. साउंडवाल्यांकडून शिकलो नाही, पेटीवर बसून बसून सापडली.

ग्राफिकवरचे आकडे वाचा: २००, २५०, ३१५, ४००, ५००, ६३०, ८००, १०००, १२५०, १६००, २०००. तीन स्लायडर ओलांडले की आकडा दुप्पट होतो, म्हणजे एक सप्तक. सप्तकात बारा स्वर, स्लायडर तीन. म्हणजे दर चौथ्या स्वरावर एक स्लायडर. कुठले स्वर, ते पेटीवर शोधले:

पांढरी पाच (सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी): ३९२ हर्ट्झ, म्हणजे ४०० चा स्लायडर. वरच्या सप्तकात ७८४, म्हणजे ८००. त्याच्या वर १५६८, म्हणजे १६००.
पांढरी सात: ४९४, ९८८, १९७६. म्हणजे ५००, १०००, २०००.
काळी दोन: ३११, ६२२, १२४५. म्हणजे ३१५, ६३०, १२५०.

खाली-वर कुठेही जा, हेच तीन स्वर फिरून येतात. ३१ आकडे पाठ करायची गरजच नाही. शिट्टी आली की पेटीवर सूर लावा. भजनी माणसाला सूर लावायला किती वेळ लागतो? पांढरी पाचच्या जवळ असेल तर ४००-८००-१६०० च्या घरातली, सातच्या जवळ असेल तर ५००-१०००-२००० च्या. मध्येच पडली, समजा पांढरी सहावर, ४४० किंवा ८८०, तर शेजारचे दोन्ही स्लायडर थोडे थोडे खाली.

आता सप्तक कुठलं? ते स्वरांवरून, म्हणजे बाराखडीतल्या. शिट्टी 'ऊ' म्हणाली तर २५० ते ५००. 'आ' वाटली तर १००० च्या आसपास. 'ई' असेल तर २००० किंवा वर. नुसतं 'सस्स' असेल तर ५-६ हजारांच्या वर.

पेटीचे सगळे स्टॉप ओढून हे करू नका. खर्ज आणि नर दोन्ही सूर एकदम आले की सप्तकाचा गोंधळ होतो. एकच ओढा. जुन्या पेट्या ४४० ला बरोबर लावलेल्या नसतात, पण स्लायडर इतका रुंद असतो की तेवढ्याने बिघडत नाही.

फेडरवाला
मास्तर, वीस वर्षं हे आकडे घोकतोय आणि हे कधी लक्षात आलं नाही. पांढरी पाच, पांढरी सात, काळी दोन. आत्ता मिक्सरच्या झाकणावर मार्करने लिहिलं.

कीबोर्डवीर
फोनवर फुकट स्पेक्ट्रम अ‍ॅप मिळतं, शिट्टी वाजली की उंच काडी दिसते, आकडा वाचा. २०व्या शतकात कशाला राहायचं?

पेटीमास्तर
वापरा की. आमच्याकडे फोन बघेपर्यंत बुवांचा अभंग संपतो.

फेडरवाला
दोन्ही चालेल. कीबोर्डवीर, अ‍ॅपमध्ये शिट्टी दिसते ती वाजायला लागल्यावर. कानाला ती आधी कळते, आवाजाला शेपूट येतं, शब्द संपल्यावर हलकासा 'ऊंऽ' मागे राहतो. तिथेच हात गेला पाहिजे.

आता माळावरचा, ग्राफिकचं काम. सप्ताहाच्या आदल्या दिवशी, माइक जिथे असणार तिथेच ठेवून करा. बुवांचा माइक उघडा, बाकी बंद. आवाज केसाकेसाने वाढवा. पहिली शिट्टी डोकं वर काढेल, तिथेच थांबा, सूर लावा, तो बँड ३ डीबी खाली. परत वाढवा. दुसरी येईल. तिचं तेच. चार-पाच बँड झाले की बास. त्यापुढे एकदम तीन-चार शिट्ट्या मिळून येतात, म्हणजे खोलीची हद्द आली. तिथून पुढे कापत गेलात तर आवाज टेलिफोनमधून आल्यासारखा होईल आणि शिट्टी राहीलच. मग फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) ४-५ डीबी मागे घ्या आणि तिथे राहा. हात कायम फेडरवर ठेवा, मोठी शिट्टी टॉपचा ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) खाते.

शेवटी माइकसमोर उभं राहून जाळीवर मूठ धरा. शिट्टी वाजेल. जाळी झाकली की माइकची मागून न ऐकण्याची सोय जाते. ही शिट्टी कापू नका. बुवांना सांगा, माइक दांड्याला धरा म्हणून.

माळावरचा
सांगेन, पण बुवा आमचे ७४ वर्षांचे. :) टाळांचं कुणीच बोललं नाही अजून. ४ के पासून वर सगळं कापलं तर?

फेडरवाला
टाळ कमी होतील आणि त्यांच्याबरोबर च, छ, स, श, ट, ठ पण जातील. मराठी कळते ती २ ते ५ हजारांच्या पट्ट्यात. 'विठ्ठल'मधला ठ काढून टाकला तर काय उरलं?

कीर्तनात अडचण मोठी आहे. महाराज पुढे, टाळकरी मागे ओळीने, आणि माइकचं तोंड महाराजांकडे म्हणजेच टाळांकडेही. माइक मागच्या बाजूने कमी ऐकतो, पण तुमच्या मांडणीत मागच्या बाजूला बसलेत श्रोते. टाळकरी सरळ मागे न ठेवता अर्धवर्तुळ जास्त मोकळं करून कडेला घेतले तर फायदा होतो. बरोबर ९० अंशात आले तर साध्या कार्डिओइड (समोरून जास्त, मागून कमी ऐकणाऱ्या) माइकला ते ६ डीबी कमी ऐकू येतात.

तुकडा_तुकडा
टाळकरी मागेच उभे राहणार. वारकरी कीर्तनाची ती मांडणी आहे, साउंडसाठी बदलायची नाही. पावली खेळायला जागा लागते. उद्या म्हणाल वीणा पण खाली ठेवा.

फेडरवाला
मान्य, मागे घेतो. मग महाराजांना गालावरचा हेडसेट माइक द्या, कॉलर माइक नको. कॉलर माइक उपरण्याला घासतो आणि तोंडापासून वीतभर लांब असतो. गालावरचा ३-४ सेंटीमीटरवर. नुसत्या या अंतरात १५ डीबीच्या आसपास फरक पडतो. ईक्यूत १५ डीबी फिरवले तर माणूस ओळखू येणार नाही.

आणि टाळांसाठी वेगळा माइक लावला असेल तर तो काढून गाडीत ठेवा.

माळावरचा
...लावला होता.

गोणपाट
=)) =))

नुसती_वाचक
अवांतर: काकडा पहाटे चारला असतो ना? ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. तो बिनमाइकचाच करा. आमच्या माहेरी तसाच होतो आणि सप्ताहातला सगळ्यात गोड कार्यक्रम तोच असतो.

माळावरचा
हो ताई, पोलीस पाटलांनीही तेच सांगितलंय. कीर्तन यंदा ७ ते ९ घेतलंय.

(साडेतीन आठवड्यांनी)

माळावरचा
धागा वर काढतोय. सप्ताह काल उठला. अहवाल देणं लागतो.

टॉप पुढे आणले. अध्यक्ष दोन दिवस बोलले नाहीत. आठाचे चार माइक केले, लो कट दाबले. आदल्या रात्री पेटीवाल्या अण्णांना घेऊन बसलो. पहिली शिट्टी त्यांनी पांढरी पाचवर धरली, 'आ' सारखी, म्हणून ८०० खाली. दुसरी काळी दोन, ३१५. तिसरी पांढरी सात, वरची, 'ई', म्हणजे २०००. चौथी नीट कुठेच बसेना, काळी एक आणि दोनच्या मध्ये कुठेतरी, तेव्हा सोडून दिली. ६३ आणि १२५ आधीच ४ ने खाली होते. बाकीचे पंचवीसेक स्लायडर मधल्या रेघेवरच राहिले. मंडळाचे खजिनदार येऊन म्हणाले, एवढा महाग ईक्यू घेतला आणि तू तर वापरतच नाहीस.

टाळांचा माइक काढला. टाळ तरीही भरपूर ऐकू येतात, शेजारच्या गावातही येत असतील. हेडसेट तीनच महाराजांनी लावला. एकांनी हातात घेऊन बघितला आणि 'हे घोड्याच्या तोंडातलं मला नको' म्हणून साध्या माइकवर कीर्तन केलं. त्या दिवशी शब्द मागे पोचले नाहीत.

घुमणं पूर्ण गेलं नाही. पखवाजाचे बोल मात्र कळायला लागले. पखवाजवाले दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन म्हणाले, माइक कालच्यासारखाच ठेव, खडूने खूण करून ठेव. केली.

काल्याच्या दिवशी दहीहंडीच्या गडबडीत एका पोराने कोरसचा माइक उचलला आणि थेट टॉपसमोर जाऊन 'हॅलो हॅलो'. अख्ख्या मंडपाने कान झाकले. मी फेडर ओढेपर्यंत अण्णांनी मान वर न करता पेटीवर एक पट्टी दाबून धरली आणि माझ्याकडे बघून हसले. पांढरी सात.

पेटीमास्तर
५०० की १०००?

माळावरचा
'आ' होती मास्तर. १०००.